एसएसडी, हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड: पीसी असेंबल करताना हमखास विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पीसी असेंबल करायला गेलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासभर खल होतो. ड्राइव्हची, म्हणजे डेटा साठवणाऱ्या एसएसडी किंवा हार्ड डिस्कची, पाळी आली की "टाका ना भाऊ कोणतीही पाचशे बाराची" एवढ्यावर विषय मिटतो. मग घरी आल्यावर ड्राइव्ह बसत नाही, बसली तर दिसत नाही, दिसली तर निम्म्या वेगाने चालते. इथले प्रश्न अशाच घोळांतून आलेले आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या दर आठवड्याला हलतात.

एम.२ म्हणजेच एनव्हीएमई ना?

नाही. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. एम.२ हे आकाराचं आणि कनेक्टरचं नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद, बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब अशी ती पातळ पट्टी मदरबोर्डावर आडवी बसते, तिला ना डेटा केबल लागते ना पॉवरची. पण त्या पट्टीतून डेटा कोणत्या वाटेने जातो, ही वेगळी गोष्ट. एक वाट साटाची, म्हणजे केबलवाल्या हार्ड डिस्कला असते तीच. दुसरी पीसीआय एक्स्प्रेसची (पीसीआयई), म्हणजे ग्राफिक्स कार्डाला असते ती. एनव्हीएमई ही एसएसडीसाठीच बनवलेली डेटा देण्याघेण्याची पद्धत, ती चालते या दुसऱ्या वाटेवर. दोन्ही ड्राइव्ह शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात, म्हणून दुकानात आणि ऑनलाइन यादीत दोघींना सरसकट "एम.२ एसएसडी" म्हणून विकलं जातं.

वेगातला फरक मात्र लहान नाही. साटाची तिसरी पिढी ६ गिगाबिट प्रति सेकंदावर थांबते. प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास मिळतात, आणि पट्टी एम.२ ची असली तरी हा आकडा वाढत नाही. एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे जेन ३ च्या, चार लेनवर (डेटाच्या चार समांतर मार्गांवर) ३५०० एमबीपर्यंत जाते, जेन ४ वर ७००० च्या पुढे आणि जेन ५ वर १४००० पर्यंत.

स्लॉटचंही तेच. काही एम.२ स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटावाली पट्टी खटकन बसेल, स्क्रूही लागेल, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये, तिचं नावसुद्धा येणार नाही. जळत काही नाही, दिसत काही नाही. एएम५ च्या, म्हणजे नव्या रायझनच्या सॉकेटच्या, बहुतेक बोर्डांवर एम.२ मध्ये साटा चालतच नाही, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमधली साटा एम.२ काढून नव्या रायझनच्या पीसीत लावायचा बेत असेल तर आधी तपासा.

खाच पाहून ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. ड्राइव्हच्या सोनेरी पिनांकडे बघा. दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. "बहुधा" अशासाठी की दोन लेनवर चालणाऱ्या काही जुन्या एनव्हीएमई ड्राइव्हनाही दोन खाचा होत्या. त्यामुळे खाचेपेक्षा स्टिकर वाचा. त्यावर साटा किंवा एनव्हीएमई स्पष्ट छापलेलं असतं. आणि बोर्डावर आणखी एक लहानसा एम.२ स्लॉट दिसला, तर तो वायफाय कार्डाचा असतो. तिथे एसएसडी खुपसू नका.

माह्या बोर्डाला कोणती ड्राइव्ह चालते, हे पाहू कुठं?

मॅन्युअलमध्ये. बॉक्सवर नाही, दुकानदाराच्या आठवणीवर नाही आणि यूट्यूबवर तर नाहीच. बोर्डाचं पूर्ण नाव बोर्डावरच ठळक अक्षरांत छापलेलं असतं, बहुतेकदा प्रोसेसर आणि पीसीआयई स्लॉटच्या मधल्या जागेत. पीसी चालू असेल तर विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये "बेसबोर्ड प्रॉडक्ट" या ओळीत मिळेल. नाव शेपटासकट टिपा. एकाच नावापुढे डीडीआर ४, वायफाय, "प्लस", "रिव्हिजन १.२" असं काही जोडलेलं असतं आणि त्या जोडामुळे स्लॉट बदलू शकतात.

मग कंपनीच्या साइटवर सपोर्ट विभागातून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि स्टोरेजचा तक्ता काढा. तिथे साधारण अशी ओळ असते: "एम.२_१, २२६०/२२८०, पीसीआयई ४.० x४". खाली दुसरी ओळ: "एम.२_२, २२८०, साटा आणि पीसीआयई ३.० x४". पहिल्या ओळीचा अर्थ, या स्लॉटमध्ये ६० किंवा ८० मिलिमीटर लांबीची एनव्हीएमई बसेल, जेन ४ च्या चार लेन मिळतील, आणि साटाचं नाव नाही म्हणजे साटा चालणार नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतील, पण वेग जेन ३ चा.

त्या तक्त्याखाली एक चांदणी असते आणि चांदणीसमोर बारीक अक्षरांत एक-दोन वाक्यं असतात. खरी गोम तिथे आहे. "एम.२_२ वापरात असल्यास साटा_५ आणि साटा_६ बंद राहतील." "हा स्लॉट केवळ अमुक पिढीच्या प्रोसेसरसोबत चालेल." माझं मत विचाराल तर अख्ख्या मॅन्युअलमधलं हे एक पान पैसे देण्याआधी वाचलं पाहिजे, बाकीचं नंतर वाचलं तरी चालतं.

साइटवर कंपनीने तपासून पाहिलेल्या ड्राइव्हची यादीही असते. यादीत नाव असेल तर उत्तम. नसेल तर घाबरू नका, बाजारातली प्रत्येक ड्राइव्ह कोणी तपासत बसत नाही.

जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या बोर्डावर चालेल का?

चालेल. उलटंही चालेल. पीसीआय एक्स्प्रेस मागच्या-पुढच्या पिढ्यांशी जुळवून घेतं, दोघांपैकी ज्याची पिढी जुनी त्याचा वेग मिळतो. जेन ४ ची ७००० वाली ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटमध्ये ३५०० च्या आसपास धावेल. पुढे बोर्ड बदलायचा विचार असेल तर अशी खरेदी वाया जात नाही.

बोर्ड जेन ४ चा, ड्राइव्ह जेन ४ ची, तरी वेग निम्माच येऊन राहिला. काऊन?

कारण प्रोसेसर. हे बहुतेकांना दुकानात कोणी सांगत नाही.

बोर्डावरचे एम.२ स्लॉट दोन ठिकाणांहून लेन घेतात. पहिला, प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा स्लॉट बहुधा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बाकीचे चिपसेटमार्फत, म्हणजे बोर्डावरच्या मधल्या चिपमार्फत, जातात. थेट जोडलेल्या स्लॉटचा वेग बोर्डाइतकाच प्रोसेसरवर ठरतो. नागपुरात बजेट पीसीसाठी सर्रास घेतला जाणारा रायझन ५ ५६००जी घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही म्हणून तो लोकांना आवडतो, आणि ते बरोबरच आहे. पण हा प्रोसेसर पीसीआयई ३.० चाच आहे. तो बी५५० बोर्डावर बसवला तर बॉक्सवर कितीही मोठ्या अक्षरांत ४.० लिहिलेलं असो, पहिला स्लॉट जेन ३ ने चालणार. ५७००जी आणि रायझन ५ ५५०० चंही तेच. त्याच बोर्डावर साधा ५६०० लावला की जेन ४ मिळतं.

इंटेलकडे याहून वाईट प्रकार आहे. बी५६०, एच५७० आणि झेड५९० या बोर्डांवर दहाव्या आणि अकराव्या दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. पण प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट दहाव्या पिढीसोबत चालतच नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीच्या लेनच नाहीत. वेग कमी होतो असं नाही, स्लॉट सरळ मेलेला. जुन्या मालात आय५ १०४०० आणि बी५६० अशी जोडी स्वस्तात मिळाली आणि ड्राइव्ह दिसेना, तर बोर्ड खराब आहे असं म्हणून भांडायला जाण्याआधी ड्राइव्ह खालच्या स्लॉटमध्ये लावून बघा.

एच६१० बद्दल बरेच जण विचारतात. बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये एसएसडीसाठी जेन ४ च्या चार लेन असतात, पण एच६१० चिपसेट त्या वापरू देत नाही. तिथला एम.२ चिपसेटवरून येतो आणि जेन ३ ने चालतो. म्हणून एच६१० सोबत महाग जेन ४ ड्राइव्ह सुचवणाऱ्याला विचारा, "हा वेग मला मिळणार कुठून?" जेन ४ हवंच असेल तर बी६६० किंवा बी७६० बघा. एएमडीच्या बाजूला ए५२० हा जेन ३, बी५५० चा पहिला स्लॉट जेन ४ आणि बाकीचे जेन ३, तर बी४५० चा पहिला स्लॉट जेन ३. बी४५० चा दुसरा स्लॉट असला तर त्याच्याकडून फार आशा ठेवू नका, बऱ्याच बोर्डांवर तो फक्त साटाचा असतो.

घरी एच६१ किंवा एच८१ चा जुना पीसी आहे. त्याला एनव्हीएमई लागेल का?

या बोर्डांवर एम.२ स्लॉट नसतो. पंचवीस-पन्नास रुपयांच्या चहापोह्यांइतक्या सहजतेने दुकानदार "पीसीआयई अ‍ॅडाप्टर लावून देतो" म्हणतात. अ‍ॅडाप्टर खरंच स्वस्त असतो आणि डेटा ठेवण्यासाठी ड्राइव्ह चालतेही. पण त्यावरून विंडोज सुरू करायची तर बायोसला एनव्हीएमई ओळखता आलं पाहिजे. इंटेलच्या ९ मालिकेपासून, म्हणजे २०१४ च्या एच९७ आणि झेड९७ पासून, कंपन्या बायोसच्या अपडेटमधून ही सोय देऊ लागल्या. त्याआधीच्या बोर्डांवर बायोसमध्ये फेरफार करून हे जमवणारे लोक आहेत, पण फेरफार फसला तर बोर्ड बंद पडतो.

माझा सल्ला साधा आहे. अशा पीसीत अडीच इंची साटा एसएसडी लावा. दोन केबल, चार स्क्रू, काम फत्ते. हार्ड डिस्कवर विंडोज उघडायला दोन-तीन मिनिटं घेणारा पीसी माणसात येतो. दुकानातली टॅली, मुलांची ऑनलाइन शिकवणी, ऑफिसचं एक्सेल यासाठी तेवढं पुष्कळ आहे. फक्त साटाचा पोर्ट बघून निवडा: एच६१ वर साटा ३ गिगाबिटचाच असतो, तर एच८१ वर काही पोर्ट ६ गिगाबिटचे असतात आणि ते बहुधा वेगळ्या रंगाचे असतात.

ज्यांना तरी अ‍ॅडाप्टर लावायचाच आहे त्यांनी स्लॉटची लांबी पाहून फसू नये. लांबलचक दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटमध्ये आतून चारच लेन, कधी एकच लेन असते. एका पट्टीवर दोन ड्राइव्ह घेणारे अ‍ॅडाप्टर तर बोर्डात लेन वाटून देण्याची सोय असल्याशिवाय दुसरी ड्राइव्ह दाखवत नाहीत.

एनव्हीएमई लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली. उडाली का?

शक्यता फार कमी. मघाची चांदणी आठवा. एम.२ स्लॉट आणि काही साटा पोर्ट यांच्यात वाट सामायिक असते, एक चालू झाला की दुसरा बंद. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या साटा पोर्टात घाला, परत दिसेल.

लांबी कमी-जास्त असली तर?

२२८० मधला २२ रुंदीचा आणि ८० लांबीचा आकडा. २२३०, २२४२, २२६० आणि २२११० हेही मिळतात. घरच्या पीसीला २२८० च घ्या, एम.२ असलेल्या जवळपास सगळ्या बोर्डांवर तिची जागा असते. लहान लांबीची ड्राइव्ह लॅपटॉपमधून काढलेली असेल तर बोर्डावर त्या लांबीचं भोक आहे का ते पाहा.

बसवताना ड्राइव्ह आडवी दाबायची नाही. साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत. सोडल्यावर तिचं दुसरं टोक आपोआप वर उचललेलं राहतं. ते बोटाने हलकं खाली दाबून स्क्रू लावा. हा स्क्रू जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, बॉक्समधल्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पुडीत येतो आणि ती पुडी हमखास थर्मोकोल-पुठ्ठ्यासोबत कचऱ्यात जाते. हार्ड डिस्कचा स्क्रू तिथे चालत नाही. स्क्रूच्या खाली पितळेचा लहान खांब हवा, तो दुसऱ्या लांबीच्या भोकात बसलेला असेल तर आधी उचकटून योग्य जागी लावा. खांबाशिवाय ड्राइव्ह आवळली तर पट्टी वाकते.

एवढा वेग खरंच जाणवतो का?

हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तर पहिल्याच मिनिटाला जाणवतो. साटावरून एनव्हीएमईवर आलात तर मोठ्या फायली हलवताना जाणवतो, विंडोज आणि बहुतेक गेम उघडताना थोडाच. जेन ३ वरून जेन ४ वर आलात तर रोजच्या कामात डोळ्यांना कळणं कठीण. लग्नाचं फोर-के शूटिंग एडिट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शेकडो जीबीच्या क्लिप इकडून तिकडे जातात, त्यांनी वेगावर पैसे घालावेत. बाकीच्यांनी तोच पैसा क्षमतेवर घालावा: ५१२ च्या वेगवान ड्राइव्हपेक्षा १ टीबीच्या मध्यम ड्राइव्हसोबत पुढची चार-पाच वर्षं जास्त सुखाची जातात.

नव्या बोर्डावर मात्र साटा एसएसडी घेण्यात अर्थ उरलेला नाही. एनव्हीएमई बऱ्याचदा त्याच भावात मिळते आणि दोन केबलही वाचतात.

"डीरॅम नसलेली घेऊ नका" म्हणतात. खरं आहे?

डीरॅम म्हणजे ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी, तिथे ती आपल्या नोंदी ठेवते. साटा एसएसडीसाठी हे बऱ्यापैकी खरं. एनव्हीएमईसाठी तितकं नाही, कारण तिथे ड्राइव्ह पीसीच्या रॅममधला थोडा भाग आपल्या नोंदींसाठी वापरू शकते. विंडोज १० आणि ११ ला हे जमतं. घरगुती कामाला डीरॅम नसलेली चांगल्या कंपनीची एनव्हीएमई पुरते. मी त्याऐवजी वॉरंटी किती वर्षांची आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे, ते बघायला सांगतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात एसएसडी टिकते का?

टिकते, पण थोडी काळजी घ्यावी लागते. बहुतेक घरगुती एसएसडी शून्य ते सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. हे तापमान ड्राइव्हचं, खोलीचं नव्हे. पुण्यातल्या खोलीत तीस अंश असताना ड्राइव्ह पन्नासवर असेल, तर नवतपात (मेअखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांत) बाहेर पंचेचाळीस आणि दुपारी वीज गेल्यामुळे कूलर बंद, अशा खोलीत ती पासष्टच्या पुढे जाणारच. फार तापली की एनव्हीएमई स्वतःच वेग उतरवते. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला सुसाट आणि मग अचानक रांगायला लागली, तर एक कारण हे असतं. (दुसरं कारण, तिची आतली वेगवान जागा भरली. थंडीतही तसंच होत असेल तर हे दुसरं कारण धरा.)

बोर्डासोबत एम.२ चं धातूचं झाकण आलं असेल तर ते लावाच. त्याच्या खालच्या मऊ पट्टीवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते सोलून काढायचं. न काढता झाकण बसवलेले पीसी मी पुष्कळ उघडले आहेत. आत ड्राइव्ह भाजून निघते आणि मालक म्हणतो, हीट सिंक तर आहे. झाकण नसेल तर बाजारात वेगळं मिळतं, पण ग्राफिक्स कार्डाच्या खाली दबलेल्या स्लॉटपेक्षा मोकळा स्लॉट असेल तर तो निवडणं फुकटातलं आहे.

आणि तो कूलर. डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर मारू नका. हवा गार असली तरी दमट असते, आणि पंप जोरात असेल तर बारीक शिंतोडेही येतात. कॅबिनेट बाजूला ठेवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या ठक्क हवेत उलटी अडचण असते, अंगात स्थिर वीज साचते. ड्राइव्ह हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, नायलॉनचा टी-शर्ट घालून गालिच्यावर बसून असेंबली करू नका.

वीज जाण्याचं म्हणाल तर यूपीएस ठेवाच. लिहिणं चालू असताना वीज गेली की हार्ड डिस्क असो वा एसएसडी, फाइल अर्धवट राहू शकते.

मोठी हार्ड डिस्क पण लावायची आहे. काय बघू?

आधी कॅबिनेट. काचवाल्या नव्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंचांच्या डिस्कसाठी एक किंवा दोनच खण असतात, तेही एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, शेजारी, आणि लांब एसएमपीएस बसवला की एक खण जातो. मग एसएमपीएसला साटाच्या पंधरा पिनांच्या पॉवर केबल किती आहेत ते मोजा. कमी पडल्या तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर केबलवरून) साटा करणारी स्वस्त, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेली जोडणी घेऊ नका, तिच्यातल्या तारा आतल्या आत चिकटून जळण्याचे प्रकार होतात. तारा एकेक दाबून बसवलेली जोडणी त्यातल्या त्यात बरी.

दोन टीबीच्या वरची डिस्क जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीने तयार करा, जुन्या एमबीआरमध्ये दोन टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.

ड्राइव्ह बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये दिसून नाही राहिली.

नवी ड्राइव्ह कोरी असते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करताना जीपीटी निवडा आणि नवा व्हॉल्यूम बनवा.

विंडोज टाकतानाच्या पडद्यावर एकही ड्राइव्ह दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीपासूनचा असेल, तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग शोधा. लॅपटॉपमध्ये ती बहुधा चालू असते. बंद करा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. पण आधीपासून चालत असलेल्या विंडोजवर ही सेटिंग सहज म्हणून बदलू नका, पुढच्या वेळी विंडोज उघडणार नाही.

जुनी विंडोज जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर नेता येते का?

येते. सॅमसंगसारख्या काही कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर देतात, क्लोनझिला फुकट आहे पण नवख्याला रुक्ष वाटेल. दोन गोष्टी अडतात. पहिली, जुनी विंडोज एमबीआर पद्धतीने टाकलेली असेल तर एनव्हीएमईवरून सुरू होणार नाही, कारण त्यासाठी यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागते. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता बदल करतं, तरी बॅकअप घेऊनच चालवा. दुसरी, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय. चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

बोर्डही बदलत असाल तर माझ्या मते विंडोज नव्यानेच टाकावी.

जेन ५ घेऊ का?

आज घरच्या पीसीला नको. तापते जास्त, महाग पडते. शिवाय झेड७९० च्या ज्या बोर्डांवर जेन ५ चा एम.२ आहे, तिथे तो वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठ होतात.

१ टीबीची घेतली, ९३१ च दाखवते. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. ५०० ची ४६५ दिसेल.

बर्डीवरून घेऊ की ऑनलाइन?

कुठूनही घ्या, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर ड्राइव्हचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी कंपनीच्या साइटवर त्याच नंबराने तपासता येते. दुकानातून घेण्याचा फायदा हा की बोर्ड आणि ड्राइव्ह एकाच ठिकाणची असेल तर "तो दुकानदार खराब, मी चांगला" हा खेळ होत नाही. अनोळखी नावाची २ टीबी अर्ध्या भावात मिळत असेल तर सोडून द्या. घेतलीच असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. खोट्या ड्राइव्हची क्षमता कागदावर असते, भरायला गेलं की फायली खराब निघतात.

घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा. "ट्रान्सफर मोड" च्या ओळीत मधे एक उभी रेघ असते. डावीकडे ड्राइव्ह आत्ता कशावर चालते ते, उजवीकडे ती कशावर चालू शकते ते. डावीकडे पीसीआयई ३.० x४ आणि उजवीकडे ४.० x४ दिसलं तर स्लॉट किंवा प्रोसेसर जेन ३ चा आहे. डावीकडे x२ दिसलं तर स्लॉट चुकला. डावीकडे साटा/३०० आणि उजवीकडे साटा/६०० दिसलं तर केबल दुसऱ्या पोर्टात घाला. त्याच पडद्यावर "पॉवर ऑन अवर्स" बघा: नवी म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर त्याच दिवशी बिल घेऊन परत जा.

काढलेल्या जुन्या ड्राइव्हचं काय करू?

यूएसबी केसिंग घ्या आणि बाहेरची ड्राइव्ह म्हणून वापरा. इथेही साटाचं केसिंग आणि एनव्हीएमईचं केसिंग वेगवेगळं असतं. दोन्ही चालणारंही मिळतं, थोडं महाग. पुढच्या पॅनेलवरच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टात लावून "हळू आहे" म्हणू नका, मागचा निळा किंवा टाइप-सी पोर्ट वापरा.

फक्त एक करू नका: लग्नाचे, बारशाचे फोटो जुन्या एसएसडीवर भरून ती कपाटात टाकून देऊ नका. एसएसडीतला डेटा विजेच्या भारावर टिकतो, आणि ड्राइव्ह जितकी घासलेली आणि जागा जितकी गरम, तितका तो लवकर ओसरतो. घरगुती एसएसडीसाठीचा जेडेकचा (मेमरीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा) निकष असा की लिहिण्याचं आयुष्य संपलेल्या ड्राइव्हने वीज न देता ३० अंशांवर एक वर्ष डेटा सांभाळावा. आपल्याकडे वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात मे महिन्यात ३० अंश कुठले! कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवर घ्या, आणि एसएसडीवरच ठेवायची असेल तर दर काही महिन्यांनी पीसीला जोडून चालू ठेवा.